कोणाच्याच बाजूला नसलेले देवदूत

सीब, मस्कत
शुक्रवार, ९ मे २०१४

मामा, नमस्कार. साष्टांग गृहीत धरा, कारण सकाळपासून तुमच्याच सैतानांपुढे बसून माझी पाठ मोडली आहे.

जहूरभाई काल इथून अर्ध्या तासावरच्या बरक्याहून येऊन तुमची पिशवी देऊन गेले. त्यांचा मेहुणा राजापूरहून आला. त्याच्या सामानात खाली आंबे, वर सुकट आणि सुकटीवर तुमचं पाचवं आणि सहावं प्रकरण. कागदांना असा काही वास लागलाय की मी खिडकी उघडून टाईप करते, आणि मे महिन्यात सीबमध्ये खिडकी उघडणं म्हणजे काय ते तुम्हाला इथे आल्याशिवाय कळणार नाही. विमानतळावर त्या बिचाऱ्याला अर्धा तास उभं करून विचारलं, हे दोनशे कागद कसले? तो म्हणाला, इंग्रजांच्या भुतांचं पुस्तक आहे. मग सोडलं.

आता माझं ऐका. पान ४१ वर रंगमंचावर नरकाचं तोंड येतं, जबडा उघडतो, धूर निघतो. पान ६३ वर परत तोच जबडा, तोच धूर. पान ८८ वर पुन्हा! मी गणिताची बाई आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण एकच गोष्ट तीनदा सांगितली की वर्ग जांभया देतो, एवढं कळतं. आणि तो एक सैतान, हातांत, कानांत आणि पार्श्वभागी नळ्या लावून, त्यांत फटाक्यांची दारू पेटवून लढाईला येतो, तो मी टाईप करत होते तेव्हा आकांक्षा मागे येऊन उभी. माझी लेक अकरावीत आहे, मराठी अडखळत वाचते, पण तेवढा एक शब्द खणखणीत वाचला. "मम्मी, पार्श्वभागी मीन्स?" तिचा बाप जेवता जेवता थांबला.

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीला तुमच्या ओटीवर बसून "मी टाईप करून देते" असं बोलून गेले, ती जीभ कुठे ठेवू असं झालंय. प्रकाशकाने दिवाळीच्या आत सगळं पुस्तक मागितलंय, नाहीतर यादीतून काढणार. आणि तुमचं सातवं प्रकरण अजून तुमच्याच टेबलावर! डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही लिहीत नाही. शेजारच्या विशाखाताईंनी ओझरतं लिहिलं म्हणून मला कळलं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकत नाही, म्हणून हे पत्र. सातवं प्रकरण पाठवा.

तुमची
वसू


रत्नागिरी
२६ मे २०१४

चि. वसुंधरेस, कृष्णकांतचे आशीर्वाद.

तुझं पत्र कसलं, प्रगतिपुस्तकातला शेरा! मुली, ते तीन जबडे तीन वेगळ्या गावांतले आहेत. त्या काळी एकेका व्यवसायाची मंडळी बायबलमधला एकेक प्रवेश उचलत. जहाजं बांधणाऱ्यांनी प्रलयाची नौका करायची, पाव भाजणाऱ्यांनी शेवटचं जेवण. नरकाच्या तोंडाशी विस्तव सांभाळायला गावचाच एक इसम नेमलेला असे, आणि तो दरवर्षी तेच काम मानाने करी. मी हे तीनदा सांगतो कारण तिन्ही ठिकाणी विस्तव वेगळा आहे. तुला धूर सारखा दिसत असेल तर तो दोष माझा नव्हे.

"पार्श्वभागी" हा शब्द राहील.

डोळ्यांचं विचारतेस तर ऐक. डावा गेला. उजव्याने भिंतीच्या भोकातून पाहावं तसं दिसतं. एक ओळ सापडते, तिच्या शेजारची हरवते. डॉक्टर म्हणतात सहा महिने, फार तर वर्ष. तीस वर्षं या पुस्तकात घातली. ते छापून आल्यावर एकदा, एकदाच, मला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं आहे. याहून जास्त काही मागणं उरलेलं नाही. तेव्हा तुझ्या शाळेच्या वेळापत्रकाची रडगाणी मला सांगू नकोस.

सातवं प्रकरण सोबत आहे. बारा पानं. देव आणि सैतान यांच्या युद्धात जे देवदूत कोणाच्याच बाजूला गेले नाहीत, त्यांच्याविषयी. माझ्याजवळ याची दुसरी प्रत नाही आणि पुन्हा लिहिण्याइतकी दृष्टीही नाही. एका अक्षराचाही फेरफार करायचा नाही.

कृष्णकांत


सीब
शुक्रवार, २० जून २०१४

मामा, नमस्कार.

सातवं प्रकरण झालं. अकरा पानं टाईप केली, मोठ्या अक्षरांत छापून जहूरभाईंबरोबर पाठवतेय. शाळेला सुट्टी लागली, रमजान पुढच्या आठवड्यात. पाऱ्याचं तर विचारूच नका. विशाखाताईंकडून वाचून घ्या आणि चुका कळवा.

वसू


रत्नागिरी
८ जुलै २०१४

चि. वसू,

विशाखाबाईंनी चार दिवस बसून सातवं वाचून दाखवलं. बाई बँकेत मॅनेजर होत्या, एक ओळ गाळत नाहीत. शेवटचं पान नाही!

मी बारा पाठवली होती. शेवटच्या पानाशिवाय ते प्रकरण म्हणजे शेंडी नसलेला नारळ. कुठे आहे ते पान? जहूरच्या मेहुण्याने सुकट गुंडाळायला घेतलं का? मी आधीच म्हणालो होतो, कागद सुकटीबरोबर पाठवू नयेत. त्याला विचार. नीट दरडावून विचार.

की तू गाळलंस? दुसऱ्या प्रकरणात तू स्वतः टाईप केलेला तो सैतान आठव, खांद्यावर पोतं घेऊन चर्चमध्ये फिरतो आणि प्रार्थना म्हणणाऱ्यांनी घाईत गिळलेले शब्द एकेक करून पोत्यात भरतो. न्यायाच्या दिवशी ते पोतं उघडून दाखवतो. पाचशे पानं टाईप करून तुला घाई झाली असेल तर तसं सांग. पान शोध आणि पाठव. दिवस जात आहेत.

कृष्णकांत


सीब
शुक्रवार, १८ जुलै २०१४

मामा,

जहूरभाईंना मी फोनवर विचारलं. तुमच्या सांगण्यावरून. रोजा धरलेला माणूस, बाहेर त्रेचाळीस अंश, आणि त्यांनी बरक्याच्या मासळीबाजाराजवळचं त्यांचं जाळ्या-दोरखंडाचं दुकान दुपारभर उलथंपालथं केलं. सफियाभाभींनी घरातली कपाटं काढली. संध्याकाळी रोजा सोडून ते इथे आले, हात जोडून म्हणाले, "वहिनी, मामांचा कागद हरवला तर मी काय तोंड दाखवू?" तेव्हा मला इतकी लाज वाटली की मी तिथेच सांगितलं, जहूरभाई, कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी खोटं बोलले.

तेच तुम्हाला सांगते. पान माझ्याकडे आहे. मी टाईप केलं नाही. करणार नाही.

तुम्हाला पाठ असेलच, तरी लिहिते, म्हणजे विशाखाताई मोठ्याने वाचतील आणि तुम्हाला ऐकावं लागेल. "या देवदूतांना नरक मिळाला नाही, स्वर्गही नाही. पृथ्वीवर, रानांत, डोंगरांत ते न्यायाच्या दिवसाची वाट पाहत राहिले. प्रस्तुत लेखकही अशांपैकीच एक. सन १९६१ साली त्याच्या धाकट्या भगिनीस त्याच्याकडून एका शब्दाची अपेक्षा होती. तो शब्द उच्चारला गेला नाही. तिने मात्र हसतमुखाने संसार केला, कधी तक्रार केली नाही. हे पुस्तक तिच्या स्मृतीस."

वा मामा, वा! हसतमुखाने?

आई सतरा वर्षांची होती. मॅट्रिकला एकाहत्तर टक्के. तिला तुमच्यासारखं इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. आबांनी राजापूरचं स्थळ ठरवलं, चौतीस वर्षांचा बिजवर, दोन मुलं. ते माझे वडील. माणूस वाईट नव्हता, तेही सांगते. पण आई तुमच्याकडे आली होती. "दादा, आबांना एवढंच सांग, एक वर्ष थांबा." आबा घरात फक्त तुमचं ऐकायचे, तुम्ही पुण्याला एम.ए. करत होतात ना! आणि तुम्ही ओटीवर पेपर वाचत बसलात. आई म्हणायची, "पेपर उलटा धरला असता तर वाटलं असतं, त्याला काहीतरी झालंय. पण सरळ होता. खरंच वाचत होता."

रोज दुपारी, सगळ्यांची जेवणं उरकली की आई न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायची आणि बादलीत नळ सोडायची. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, आई दोनदा आंघोळ करते.

आणि कडी म्हणजे कबुली देतानासुद्धा तुम्ही देवदूतच! कोणी बसवलं तुम्हाला त्यांच्यात? मी हे सगळं जहूरभाईंना बोलून गेले, इतका संताप झाला होता. ते म्हणाले, "वहिनी, आमच्यात खांद्यांवर दोन फरिश्ते असतात. एक भलं लिहितो, एक बुरं. मी काही मौलाना नाही, पण मामा गप्प बसले ते कोणीतरी लिहिलं असेलच की."

खरं लिहा, मी एका बैठकीत टाईप करते. नाहीतर ते प्रकरण अकरा पानांचंच राहील. आईला हसतमुख करून मी छापू देणार नाही.

वसुंधरा


रत्नागिरी
५ ऑगस्ट २०१४

चि. वसुंधरा,

टंकलेखकाने लेखकाची उलटतपासणी घेण्याची पद्धत मला ठाऊक नव्हती. माझं हस्तलिखित, पूर्ण, बारा पानांसह, जहूरच्या हाती परत पाठव. मी दुसरी व्यवस्था करतो.

कृष्णकांत


सीब
शुक्रवार, १५ ऑगस्ट २०१४

मामा,

नाही पाठवत. काय करायचं ते करा.

दुसरी व्यवस्था म्हणे! तुमचं अक्षर अख्ख्या महाराष्ट्रात दोघांना लागतं. एक मी, आणि दुसरी आई होती.

वसुंधरा


सीब
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०१४

मामा,

चार आठवडे झाले, तुमचं काही नाही. गणपती आले आणि गेले. विशाखाताईंना विचारलं तर त्या "सर विश्रांती घेत आहेत" एवढंच लिहितात, आणि बँकेतल्या माणसाने एवढं मोघम लिहिलं की समजावं, काहीतरी गडबड आहे. जहूरभाई रोज विचारतात, मामांचा कागद आला का? मी म्हणते, नाही. ते म्हणतात, येईल इन्शाल्ला. त्यांचं इन्शाल्ला ऐकून आता माझं डोकं फिरायला लागलंय.

भांडायचं असेल तर भांडा, पण काहीतरी लिहा. पहिली सहा प्रकरणं मी तपासून ठेवलीत. तुमचे तिन्ही जबडे जागच्या जागी आहेत, धुरासकट. दिवाळीला सहा आठवडे उरलेत. तुम्हाला पुस्तक डोळ्यांनी बघायचं आहे, हे मी विसरलेली नाही. मी दुष्ट नाही, मामा. मला फक्त खोटं टाईप करवत नाही.

वसू


रत्नागिरी
२८ सप्टेंबर २०१४

वसू,

हे मी मार्करने लिहितो आहे. एका कागदावर तीन ओळी मावतात. चौदा कागद झाले तर चौदा. विशाखाबाई लिहून द्यायला तयार होत्या, पण हे मला दुसऱ्याच्या अक्षरात नको.

गणपतीच्या आधी एका सकाळी उजवाही गेला. खिडकी कुठे आहे एवढं कळतं. तेव्हा पुस्तक वाचण्याचा प्रश्न मिटला. त्यावर काही लिहू नकोस.

तू खोटं बोललीस याचा मी महिनाभर राग धरला. तो धरणं सोपं होतं.

तू म्हणतेस, तुझी आई, माझी कल्पना, हसतमुख नव्हती. मला माहीत होतं. तिने तक्रार केली होती, आणि ती माझ्याकडेच केली होती. लेखी. पुण्याच्या खोलीवर तिची तीन पत्रं आली. पहिल्यात होतं, दादा, मला इथून ने. मी उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? दुसऱ्यात होतं, तुझं इंग्रजी नाटकांच्या गोष्टींचं बक्षिसाचं पुस्तक मी लग्नात ट्रंकेत घालून आणलंय, ते मागू नकोस. त्यालाही उत्तर दिलं नाही. तिसरं चौसष्ट साली आलं. जाड होतं. मला वाटलं, तेच रडगाणं असेल, आणखी लांब. मी ते उघडलंच नाही.

पन्नास वर्षं ते माझ्या कपाटात आहे. दरवर्षी उघडायचं ठरवलं. आता उघडलं तर वाचता येत नाही, आणि विशाखाबाईंकडून वाचून घेण्याची माझी छाती नाही. मी भित्रा माणूस आहे, वसू. देवदूत वगैरे काही नाही. तू म्हणालीस ते बरोबर आहे.

ते पाकीट सोबत पाठवतो. तू उघड. आत काहीही असो, शिव्या असोत, ते सातव्या प्रकरणाचं शेवटचं पान म्हणून जसंच्या तसं टाईप कर. माझं पान फाडून टाक.

मामा


सीब
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०१४

मामा, नमस्कार. विशाखाताई, हे सावकाश वाचा, मध्ये थांबू नका.

जहूरभाई काल पाकीट घेऊन आले. या खेपेला कागद सुकटीत नव्हता, मेहुण्याने शर्टाच्या आतल्या खिशात आणला. जहूरभाई आत आले नाहीत. "तुम्ही वाचा, मी गाडीत आहे," म्हणाले आणि तासभर खाली बसून राहिले. मला चहा द्यायचंही सुचलं नाही.

आत शिव्या नाहीत, मामा. रडगाणंही नाही. आत काय आहे ते वाचून मला तुमचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला आहे, आणि तो आता कसा उतरणार मला माहीत नाही.

आईने तुमचं ते बक्षिसाचं पुस्तक वाचून काढलं होतं. शब्दकोशाशिवाय, राजापूरला, दोन सावत्र मुलं मांडीवर घेऊन. पेन्सिलीने चार पानं लिहिली आहेत. कुठली गोष्ट आवडली, कुठली नाही. सैतान तिला आवडले, हसू आलं म्हणते. मग शेवटच्या पानावर हे आहे:

"दादा, एक गोष्ट मला कळत नाही. शेवटच्या नाटकातल्या माणसाच्या एका कानाशी चांगला देवदूत आहे आणि दुसऱ्या कानाशी वाईट. वाईट केवढं बोलतो! गोड बोलतो, हट्ट म्हणून सोडत नाही. चांगला दोन वाक्यं बोलतो आणि बाजूला उभा राहतो. माणूस चुकतोय हे त्याला समोर दिसतंय ना? मग तो आणखी का बोलत नाही? तुला कॉलेजात हे शिकवलं असेल तर कळव. लग्नाचं जाऊ दे, त्याबद्दल मी आता विचारत नाही. एवढंच कळव. परतीचं पाकीट आत ठेवलं आहे, म्हणजे तुला त्रास नको."

पाकीट आहे. घडी घालून. तिकीट लावलेलं.

मी रात्रीपर्यंत तुमचं पुस्तक शोधलं. अख्खं. कॉम्प्युटरवर शब्द घालून, आणि त्यावर विश्वास बसेना म्हणून पान पान करून. देवदूतांचे नऊ दर्जे आहेत, त्यांचे सोनेरी मुखवटे आहेत, पंख कशाचे करायचे ते आहे. हा प्रश्न तुम्ही कुठेही विचारलेला नाही. तीस वर्षांत एकदाही नाही! वीस वर्षांच्या मुलीने विचारला होता, तुमच्या कपाटात होता, आणि तुम्ही जगभरातून पुस्तकं मागवत बसलात.

आकांक्षाने मला रडताना पाहिलं. तिला मी ते पान वाचायला दिलं. अडखळत वाचलं तिने सगळं. मग विचारलं, "सो व्हॉट डिड ही से?" मी काय सांगू तिला?

प्रकाशकाशी बोलले. दिवाळीनंतर आणखी एक महिना देतो म्हणाला, नाखुशीने. डिसेंबरच्या सुट्टीत मी येतेय, सगळं पुस्तक पहिल्यापासून मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवीन, तुमच्या कानाशी बसून, ऐकू येईपर्यंत. ते माझ्याकडे लागलं.

आईचं पत्र मी शेवटचं पान म्हणून टाईप केलं आहे, जसंच्या तसं. त्याच्याखाली अर्धं पान कोरं सोडलं आहे. ते भरल्याशिवाय पुस्तक जाणार नाही, मग प्रकाशक काय वाटेल ते बोलो. येत असेल ते लिहा. येत नसेल तर माहीत नाही म्हणून लिहा, मला चालेल. मार्करने लिहा, नाहीतर विशाखाताईंना सांगा.

पण मला लिहू नका. तिला लिहा. ते पाकीट सोबत पाठवते आहे, पत्ता तिने घातलेला आहे.

वसू